पावणीत गेलेला फळा

शाळेचं छप्पर झालं म्हणून लोक मला अजून शाबासकी देतात. बाजारात भेटले की म्हणतात, बाई, तुम्ही होता म्हणून झालं. मी हसते आणि पुढे जाते, कारण खरं सांगायला थांबले तर माझा आवाज चढतो आणि मासळी घ्यायची राहून जाते. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. असेल. पण ह्या शाळेचा राग नाकावरचा नाही, पोटातला आहे, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

आमची शाळा म्हणजे एकच खोली. चिऱ्याच्या भिंती, दोन जनेलं (खिडकीला आमच्याकडे जनेलच म्हणतात), वर मंगलोरी कौलं आणि पुढे एक अरुंद पडवी. पेडणे तालुक्यात पार्शाच्या बाजूला, काजूच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर ती उभी आहे. पोर्तुगिजांच्या अमदानीत गावाने ती स्वतः बांधली. ज्याच्याकडे चिरे होते त्याने चिरे दिले, ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने ते डोक्यावरून वाहिले. राज्य दुसऱ्यांचं, कचेरीतली भाषा दुसऱ्यांची, आणि ह्या लोकांना आपल्या मुलांना मराठी शिकवायचं होतं. पुढे शाळा सरकारने घेतली, मी तिथे चौथीपर्यंत शिकले, आणि मग मुलं कमी झाली म्हणून सरकारने ती बंद केली. खोली गावाला परत मिळाली. गावाने तिला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली.

म्हापशाच्या कचेरीतून निवृत्त होऊन मी घरी आले तेव्हा आढं मोडलं होतं आणि एका कोपऱ्यातली कौलं खाली येऊन पडली होती. बालवाडीची मुलं पंचायतीच्या पडवीत सतरंजीवर बसत होती आणि इकडे एक अख्खी खोली वाळवी खात होती. मी देवस्थान कमिटीच्या बैठकीत जाऊन बोलले. बोलले म्हणजे भांडले. शेवटी अध्यक्ष म्हणाले की बाई एवढं तळमळीने बोलतात, तर वर्गणीचं काम बाईंनीच बघावं. आमच्याकडे तोंड उघडणाऱ्याला अशी शिक्षा देतात.

मग मी वर्गणीला निघाले. काय काय ऐकलं ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच शाळेत धुळाक्षरं गिरवलेल्या आणि पणजीत बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी मला आधी रीतसर प्रकल्प-अहवाल मागितला. मी चार रात्री जागून तो लिहिला. तो वाचून त्यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि शुभेच्छा दिल्या. दुसरे एक म्हणाले, मराठी शिकतं कोण आता, तिथे व्यायामशाळा करा, तरुण मुलं येतील. एका पुढाऱ्याने कौलं काढून स्लॅब घालायची तयारी दाखवली, फक्त त्यावर त्याच्या वडिलांचं नाव हवं होतं, आणि ते वडील शाळेच्या वाटेनेही कधी गेलेले नव्हते. माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला, तर त्यावर रोज सकाळी फुलं आणि जोडलेले हात यायचे. पैशाचं नाव काढलं की दोन दिवस सगळे गप्प. आम्ही बायकांनी जत्रेत चहा-भज्यांचा गाडा लावला. त्यातून जे जमलं ते ह्या बंगलेवाल्यांच्या एकत्र वर्गणीपेक्षा जास्त होतं, हे मी त्या ग्रुपवर लिहिलंही. दोघे-तिघे ग्रुप सोडून गेले.

पावसाळ्याच्या आत छप्पर झालं नाही तर मागची भिंत उभी राहणार नाही, असं मेस्ताने सांगितलं होतं. मेस्त म्हणजे आमचा सुतार. पैसे अर्ध्यावरही आले नव्हते. तेव्हा अध्यक्षांनी पावणीची कल्पना काढली.

पावणी म्हणजे देवळातला लिलाव. लोक देवाला म्हणून जे आणतात, नारळ, निरफणस, केळ्यांचा घड, ते आरतीनंतर सभामंडपात बोलीवर घालतात. बोली देवासाठी असते म्हणून साध्या नारळाला कुणीही ऐकून चक्रावेल अशी किंमत येते. आणि आमच्या गावची रीत अशी की, ज्याने नारळ घेतला तो त्याला हात लावून कपाळाला लावतो आणि परत देतो. मग तोच नारळ पुन्हा बोलीवर. एकेक नारळ पाच-सहा वेळा विकला जातो. परत दे असं घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. सांगायचं नसतंच, देवाला द्यायचं ते कुणी मागून घेणं ही लाजेची गोष्ट. ज्याचं त्याला कळतं आणि तो देतो. मी साठ वर्षांत ह्यात कुणी चुकलेला पाहिला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, शाळेचीच एखादी वस्तू पावणीला घालू. माजी विद्यार्थी ईर्ष्येने बोली लावतील, प्रत्येक जण परत देईल, वस्तू जागच्या जागी राहील. आणि शाळेत वस्तू म्हणून आता उरला होता तो एक फळा.

तो फळा फणसाच्या लाकडाचा होता. दोन रुंद फळ्या अशा जोडलेल्या की सांधा बोटाला लागत नव्हता. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी बॅटरीच्या जुन्या सेलांतला कोळसा पाल्याच्या रसात कुटून आम्ही मुलांनी तो काळा करायचा, आणि त्या दिवशी सगळ्यांचे हात, गणवेश, तोंडं काळी व्हायची. पण फळा जरी शाळेचा, तरी त्याचं झाड एका घराचं होतं. वरच्या वाड्यावरच्या एका शेतकऱ्याने परसातला फणस शाळेसाठी तोडून दिला होता. त्याची मुलगी, आता चौऱ्याऐंशी वर्षांची, माझ्या शेजारच्या घरात राहते. मी तिला काकी म्हणते. तिला न विचारता फळा हलवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मला पाठवलं.

काकी पडवीत बसून कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिने हातातली सोलं सुपात ठेवली आणि मला एक गोष्ट सांगितली, जी साठ वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हती.

ती दोन वर्षं शाळेत गेली होती. मुलींना तेव्हा पाठवत नसत, पण बापाने झाड दिलं होतं म्हणून मास्तरांनीच पोरीला पाठव असं सांगितलं. एका दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला पुढे बोलावून फळ्यावर आपलं नाव लिहायला लावलं. काकीची पाळी आली. तिने पहिलं अक्षर काढलं, दुसऱ्याचा कान्यापर्यंतचा भाग काढला, तेवढ्यात जनेलातून तिच्या चुलत्याने हाक मारली. घरात आई बाळंत झाली होती, पोर सांभाळायला कुणी नव्हतं. ती खडू ठेवून गेली आणि पुन्हा त्या खोलीत कधी आलीच नाही. तिच्या भावाने तिला नंतर सांगितलं की मास्तरांनी ते अर्धं नाव आठ दिवस पुसलं नव्हतं.

"माझा नाव थंय अर्धाच रवला, बाय," ती म्हणाली. "मराच्या आदी ता पुरा करूक व्हया."

मी म्हटलं, छप्पर झालं की उद्‌घाटनाच्या दिवशी त्या फळ्यावर पहिला खडू तू धरायचा. तिने विचारलं, पावणीत घातलेला फळो परत येतलो मा? मी म्हटलं, येतलो काकी, आमच्या गावात कधी न आलेलं पाहिलंयस? आणि तिच्या हातावर हात ठेवला. हा शब्द मी दिला. अध्यक्षांनी नाही, कमिटीने नाही, मी दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याकडून अक्षरं गिरवायला लागली. बँकेत ती आयुष्यभर अंगठा लावत आली होती. मी पाटी आणली, वर तिचं नाव लिहिलं आणि म्हटलं, हे गिरव. तिने ते पदराने पुसलं. म्हणाली, अक्षरां शिकव, नाव माका येता. मला थोडा राग आला, पण म्हातारीचा हट्ट म्हणून मी मुळाक्षरांपासून सुरू केलं.

पावणी देवाच्या वर्धापनदिनाला झाली, दुपारच्या आरतीनंतर. फळा दोघांनी उचलून सभामंडपात आणला आणि खांबाला टेकून उभा केला. आणि मी कबूल करते, तो पाहून बंगलेवाल्यांनाही गलबलून आलं. पहिली बोली डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवून आता स्वतःचे चार ट्रक झालेल्या एकाने घेतली. त्याने फळ्याच्या चौकटीला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि म्हणाला, शाळेक परत. दुसरा म्हणाला, शाळेक परत. मग तिसरा. प्रत्येक वेळी टाळ्या. माझ्या मनात छप्पर चढत होतं, कौलागणिक.

चौथी बोली मांद्र्यातल्या एका रिसॉर्टवाल्याने लावली. हा गृहस्थ मुंबईहून येऊन समुद्राकाठी स्थायिक झालेला. स्वच्छ मराठी बोलायचा, आमच्या जत्रेला यायचा, पंगतीला मांडी घालून जेवायचा. तो आपलीच भाषा बोलतो म्हणून आपलं सगळं त्याला कळतं, असं आम्ही धरून चाललो. चूक झाली ती इथे. त्याने एकदम एवढी बोली लावली की बोली ओरडून सांगणाऱ्याने ती दोनदा विचारून घेतली. कुणी पुढे गेलं नाही. फळा त्याचा झाला. त्याने फळ्याला हात लावला, आम्ही टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि तो म्हणाला, माझी गाडी मागच्या बाजूला आहे, जरा हात लावाल का?

आमच्याच पोरांनी फळा उचलून पिकअपमध्ये घातला. कुणी काही बोललं नाही. अध्यक्ष बोलले नाहीत, ट्रकवाला बोलला नाही, गावचे मानकरी मूग गिळून बसले. आणि मी, जी पणजीच्या साहेबांना ग्रुपवर चार शब्द सुनावते, ती मीही उभी राहिले. परत द्या असं मागायचं नसतं ना. पिकअप गेली. धूळ खाली बसल्यावर कुणीतरी म्हणालं, फोटो काढून आणतील परत. सगळ्यांनी लगेच मान डोलावली.

आठ दिवस वाट पाहिली. मग मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की त्या एका बोलीत आढं, वासे आणि कौलं, सगळं निघालं, आता एका लाकडासाठी त्या माणसाला दुखवायचं का? शिवाय तो नवा फळा देतोय. मी म्हटलं, तुम्ही त्याला रीत सांगितली का? ते म्हणाले, अशा गोष्टी सांगायच्या नसतात. मी म्हटलं, मग मी सांगते.

मी बसने मांद्र्याला गेले. रिसॉर्टच्या स्वागतकक्षात गुळाच्या रंगाचे कसलेसे दिवे होते आणि समोरच्या भिंतीवर आमचा फळा. त्यावर पांढऱ्या रंगाच्या पेनाने, वळणदार इंग्रजी अक्षरात, आजची मासळी लिहिली होती. इस्वण, चणक, शिंपल्यांतल्या तिसऱ्या. कोपऱ्यात एक फूल काढलं होतं. ज्या जागी मास्तर आम्हाला बेरजा लिहून द्यायचे त्या जागी तिसऱ्यांचा भाव.

तो माणूस उद्धट नव्हता, हीच तर पंचाईत. त्याने मला बसवलं, लिंबू-सोडा मागवला. मी प्यायले नाही. मी त्याला सगळी रीत सांगितली. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मी सोड्याचा ग्लास बाजूला सरकवला. तो म्हणाला, मी लिलावात बोली लावली, पैसे दिले, वस्तू घेतली, ह्यात मी काय चोरी केली? आणि तुमच्या शाळेत ह्याला वाळवी लागत होती, इथे निदान लोक बघतात. जुन्या वस्तू वाचवायला मला आवडतं.

वाळवीचं खरं होतं. कुलूप आम्हीच लावलं होतं, किल्ली आम्हीच हरवली होती. मी उठले आणि बाहेर येऊन बसथांब्यावर उभी राहिले. मला त्याचा राग आला, त्याहून अध्यक्षांचा, त्याहून त्या सगळ्या गप्प बसलेल्या तोंडांचा, आणि त्यातलं एक तोंड माझं होतं. काकीला मी सांगितलं नाही. ती रोज संध्याकाळी पाटी घेऊन यायची. तोवर ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. मी वळण दुरुस्त करायचे आणि जीभ चावायचे.

छप्पर पावसाच्या आत झालं. मेस्ताने काम उत्तम केलं, हे म्हटलंच पाहिजे. उद्‌घाटनाला सत्यनारायण ठेवला. दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली होती, तिच्यावर पुढाऱ्याचं, अध्यक्षांचं आणि रिसॉर्टचं नाव सोनेरी अक्षरांत. झाड देणाऱ्याचं नाव नाही, मास्तरांचं नाही. आत भिंतीवर, जुन्या फळ्याच्या खुंट्यांना, एक पांढरा गुळगुळीत प्लास्टिकचा फळा टांगला होता आणि त्याच्या वर उजव्या कोपऱ्यात लाटेचं चित्र आणि रिसॉर्टचं नाव. बालवाडीच्या मुलांनी रोज ते वाचायचं म्हणजे.

काकी नवं लुगडं नेसून आली. केसांत अबोली. तिने कमरेच्या पिशवीत खडू आणला होता, घरून. आत येऊन तिने भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बाय, फळो खंय आसा?"

मी सांगितलं. तिथेच, सगळ्यांच्या देखत, हळू आवाजात. तिने माझ्यावर आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तू सांगलंस म्हणान मी हो म्हटलंय," ती म्हणाली, आणि खडू पिशवीत ठेवून खुर्चीवर बसली.

पूजा झाली, आरती झाली, प्रसाद वाटला. मग रिवाजाप्रमाणे छोटी पावणी सुरू झाली. केळ्यांचा घड बोलीवर आला. रिसॉर्टवाला पाहुण्यांच्या रांगेत बसला होता. मी काय करतेय ते मला कळत होतं, असं मी म्हणणार नाही. मी भिंतीजवळ गेले, खुंट्यांवरून तो प्लास्टिकचा फळा काढला, आणून घडाच्या शेजारी ठेवला आणि ओरडणाऱ्याला म्हटलं, आता हा घाल. अध्यक्ष उठून उभे राहिले. ओरडणारा माझ्याकडे, त्यांच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात ट्रकवाल्याने बसल्या जागेवरून बोली लावली. फळा त्याच्या हातात गेला. त्याने तो कपाळाला लावला, रिसॉर्टवाल्याकडे बघितलं आणि एरवीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाला, शाळेक परत.

मग आमच्या भज्यांच्या गाड्यावरची एक बाई उठली. तिने घेतला, शाळेक परत. मेस्ताने घेतला, शाळेक परत. पणजीच्या बंगलेवाल्या साहेबांनीसुद्धा घेतला, आणि त्या दिवसापासून मी त्यांना अर्धं माफ केलं आहे. प्रत्येक जण परत देताना त्या एका माणसाकडे बघत होता. मागायचं नसतं, पण दाखवायला कुणाची बंदी नव्हती. शेवटी काकी उठली. म्हणाली, माझो एक नारळ. पैशाची बोली आधीच कितीतरी वर गेली होती, पण ओरडणाऱ्याने दोन्ही बाजूंना बघितलं आणि फळा तिच्या हातात दिला. तिला तो पेलत नव्हता. तिने तो छातीशी धरला, रिसॉर्टवाल्यासमोर नेला आणि त्याच्या पायाशी नाही, त्याच्या मांडीवर ठेवला.

"शाळेक परत," ती त्याला म्हणाली. "आमी असा करतंव."

त्याचा चेहरा लाल झाला. तो जेवायला थांबला नाही. अध्यक्ष माझ्याशी आजही बोलत नाहीत, आणि त्याचं मला दुःख नाही.

चौथ्या दिवशी पिकअप आली. त्या माणसाने स्वतः फळा खुंट्यांवर चढवला. बोली लावली तेव्हा मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं, असं दोनदा म्हणाला. मी मान हलवली. काकीला बोलावणं गेलं. ती घरच्याच लुगड्यात धावत आली, म्हणजे तिच्या वयात जसं धावता येतं तशी. खडू काढून तिने फळ्याला लावला आणि पहिलं अक्षर ओढलं. खडू सरकला. खाली काहीच उमटलं नाही. तिने जोर लावला, खडू मोडला. मी जवळ जाऊन हात फिरवला, तर फळा काचेसारखा. मेस्ताने नखाने खरवडून पाहिलं आणि सांगितलं, लॅकर आहे, तीन हात मारलेत, चांगल्या प्रतीचं. रिसॉर्टवाला म्हणाला, वाळवी लागू नये म्हणून केलं. त्याला वाटत होतं, आम्ही आभार मानू.

मी त्या वेळी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं, एवढं त्याच्या बाजूने सांगते.

मग दीड महिना मी तो फळा घासला. मेस्त आधी पातळ द्रव लावून द्यायचा, मग पॉलिश पेपर घेऊन मी. रोज दुपारी दोन तास. खांदा भरून आला, नखं गेली. लॅकर निघता निघता जुना काळा रंगही निघाला, मास्तरांच्या काळापासूनचा थर न् थर, आणि खालून फणसाचं पिवळं लाकूड वर आलं. माझ्या लहानपणीचा तो काळा मीच पुसून काढत होते आणि दातओठ खात होते. काकी शेजारी पिंपावर बसून राहायची आणि मी थांबले की म्हणायची, आनी वायच घास. शेवटी आम्ही जुने सेल फोडले, कोळसा पाल्याच्या रसात कुटला आणि बालवाडीच्या मुलांकडून फळा काळा करून घेतला. सगळ्यांची तोंडं काळी झाली. आयांनी मला बोल लावले.

तो वाळल्यावर काकी पुढे गेली. डाव्या कोपऱ्यात, तिच्या खांद्याच्या उंचीवर, तिने पहिलं अक्षर काढलं. दुसऱ्याच्या कान्यापाशी ती थांबली, जनेलाकडे एकदा बघितलं, आणि मग पुढे गेली. तीन अक्षरं, आणि पुढे बापाचं नाव.

मी वाचलं आणि मला कळेना. ते तिचं नाव नव्हतं. ज्या नावाने तिला मी आणि सगळा गाव ओळखतो, जे तिच्या रेशनकार्डावर आहे, आधारवर आहे, जे मी पाटीवर लिहून दिलं आणि तिने पुसलं, ते नव्हतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माझंही बदललं. चौदाव्या वर्षी तिचं बदललं आणि त्या जुन्या नावाने हाक मारणारं माणूस आता एकही जिवंत नाही. ते नाव ह्या जगात एकाच जागी लिहायला सुरुवात झाली होती, तीही अर्धीच, आणि मी ती जागा एका आश्वासनावर गाडीत घालून पाठवली होती.

बालवाडीच्या बाईंना मी सांगून ठेवलंय की बाकीचा फळा तुमचा, त्या डाव्या कोपऱ्याला कपडा लावायचा नाही. बाहेरच्या ग्रॅनाइटवरची नावं कुणीही रस्त्यावरून जाताना वाचू शकतो. हे नाव मी इथे लिहीत नाही. ते वाचायचं असेल, तर शाळेच्या आत यावं लागेल.